सोबतीचं मोल

१ डिसेंबर जवळ आला की आमच्या जिल्ह्याच्या गावी सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातून फेरी निघते. नर्सिंगच्या मुली लाल फिती लावतात, शाळांतून घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, कुणीतरी मोठे अधिकारी दोन शब्द बोलतात. २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. तो कधी येतो आणि जातो, हे फारसं कुणाला कळतही नाही. या दोन दिवसांच्या निमित्तानं या अंकाचं संपादकीय लिहायचं, असं आमच्या बैठकीत ठरलं होतं. टिपणं काढून ठेवली होती. लिहायला बसले त्याच रात्री मावशींचा फोन आला.

मावशी म्हणजे आमच्या भागातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांच्या नेटवर्कमधल्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना चालेल, पण शाळेत जाणाऱ्या त्यांच्या नातवंडांना त्याचा त्रास होईल. अठरा वर्षं त्या गोळ्या घेताहेत, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं इतरांना गोळ्यांपर्यंत घेऊन जाताहेत. ज्या प्रकल्पातून त्यांना मानधन मिळायचं तो मार्चअखेर संपला. मी त्यांना विचारलं होतं, "मावशी, मानधन बंद झालं, आता कशावर फिरता?" त्या म्हणाल्या, "मानधन बंद झालं गं, फोन कुठं बंद झालाय?"

त्या रात्रीचा फोन गाडीभाड्यासाठी होता. दुसऱ्या दिवशी त्यांना एका बाईसोबत मेडिकल कॉलेजात शेवटचा रिपोर्ट आणायला जायचं होतं. एस.टी.त एचआयव्हीबाधितांना सवलत आहे, कार्ड दाखवलं की तिकीट काढावं लागत नाही. पण सकाळच्या गाडीचा कंडक्टर मावशींच्याच गावचा. कार्ड दाखवायचं म्हणजे गावभर सांगायचं. म्हणून गेली कित्येक वर्षं मावशी पैसे देऊन तिकीट काढताहेत. सरकारनं दिलेली सवलत आणि ती हातात पडणं, यांच्यामध्ये केवढं अंतर असतं ते या एका तिकिटात कळतं. आज मला त्या अंतराबद्दलच लिहायचं आहे, आणि ते अंतर रोज पायी तुडवणाऱ्या बायांबद्दल.

आधी हे सांगायला हवं की औषधांच्या बाबतीत आपण खूप पुढे आलो आहोत. २००० सालापर्यंत एचआयव्हीवरच्या गोळ्यांचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीन औषधांचा डोस दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ केला आणि जगभर चक्रं फिरली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं मोफत एआरटी सुरू केली, महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून. २०१७ पासून तर निदान झालं की लगेच गोळ्या सुरू होतात, पांढऱ्या पेशी किती आहेत याची वाट बघत नाहीत. बहुतेकांना आता दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि सापडत नाही त्या माणसाकडून शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला होत नाही. गरोदरपणी वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक बाळं निरोगी जन्मतात.

मग अडतं कुठं? एआरटी सेंटरच्या व्हरांड्यात एक सकाळ बसून बघावं, म्हणजे कळतं. पदर तोंडावर ओढून खांबाआड उभी असलेली बाई खिडकीवरून नाव पुकारलं तरी पुढे येत नाही. शेजारच्या ओळीत तिच्या जावेचा भाऊ दिसलेला असतो. एखादीनं गोळ्यांची बाटली डाळीच्या डब्यात लपवलेली असते, आणि सासूनं डबा उघडला म्हणून चार दिवस गोळी चुकलेली असते. कुणाला दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही. कुणाला "गोळी आयुष्यभर घ्यायची" हे वाक्य ऐकल्यापासून दुसरं काही ऐकूच आलेलं नसतं. डॉक्टरांसमोर पुढची रांग असते, समुपदेशकासमोर नोंदींचा ढीग. अशा वेळी जी बाई खांबाआड जाऊन म्हणते, "चल, मी पण तिथंच चाललेय. माझं पण हिरवं पुस्तक आहे हे बघ," तिला आमच्या कामात सोबत म्हणतात. ही सोबत नसती तर कितीतरी गोळ्या कपाटातच राहिल्या असत्या.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी या कामात आले तेव्हा सोबत म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पुस्तकात 'गृहभेट' शिकले होते. पहिल्याच महिन्यात गोळ्या बंद केलेल्या एका बाईच्या घरी मी संस्थेच्या जीपनं गेले. जीपवर प्रकल्पाचं नाव होतं आणि त्या नावात 'एड्स' हा शब्द होता. जीप तिच्या दारात उभी होती अर्धा तास. पुढच्या आठवड्यात वस्तीवरच्या नळावर तिची घागर बाजूला ठेवायला लावली. माझ्या वहीत 'गृहभेट पूर्ण' अशी नोंद होती.

मावशी मला रागावल्या नाहीत. पुढच्या भेटीला त्या मला बरोबर घेऊन गेल्या, जीपशिवाय, पायी, बचत गटाची वही हातात घेऊन. आधी तीन घरांत बचतीची चौकशी केली, मग चौथं घर तिचं. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "मॅडम, आपल्याला एकीच्या घरी जायचं असलं तर चौघींच्या घरी जावं लागतं." त्या बाईची घागर परत ओळीत यायला दीड वर्ष लागलं. ते काम माझ्या पदवीनं केलं नाही, गटानं केलं.

मैत्रिणींनो, हे गट कुणी आकाशातून टाकले नाहीत. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी आपल्या देशातली पहिली एचआयव्हीबाधितांची नोंद केली. त्या पहिल्या नोंदी धंदा करणाऱ्या बायकांच्या होत्या, आणि लगेच हा 'त्या बायकांचा' रोग ठरला. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्या तरुणाला, त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला म्हणून, ६४ दिवस क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात कोंडून ठेवलं. त्या कायद्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली ती त्याची आई, लुसी डिसूझा. न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला नाही, पण एका आईनं उघडपणे प्रश्न विचारला होता. डॉमिनिकनं पुढे १९९२ साली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संघटना सुरू केली आणि त्याच वर्षी तो गेला. त्याच वर्षी सांगलीत 'संग्राम'चं काम सुरू झालं. तिथं धंद्यातल्या बायकांनी स्वतःच निरोध वाटायला, आजारी मैत्रिणींच्या उशाशी बसायला सुरुवात केली आणि त्यातून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयानं एका कामगाराला न्याय दिला. एचआयव्ही आहे, पण काम करण्याची ताकद आहे, अशा माणसाला केवळ त्या कारणावरून काम नाकारता येणार नाही, असा तो निकाल. त्यात त्या कामगाराला स्वतःचं नाव न लावता लढता आलं, ही गोष्टही तितकीच मोठी. त्याच वर्षी चेन्नईत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचं देशव्यापी नेटवर्क सुरू झालं आणि मणिपूरमध्ये तिथलं राज्याचं. वर्षभरात, १९९८ साली, पी. कौसल्या यांच्या पुढाकारानं 'पॉझिटिव्ह विमेन नेटवर्क' उभं राहिलं. बायकांना वेगळं का व्हावं लागलं? कारण मिश्र बैठकीत गोळ्यांवर चर्चा व्हायची आणि घरातून हाकलल्याची गोष्ट 'घरगुती' ठरायची.

ती घरगुती गोष्ट आपल्याला पाठ आहे. नवरा आजारी पडतो. बायको त्याचं सगळं करते, दवाखाना, अंथरूण, उलट्या. तिची तपासणी त्यानंतर होते, किंवा ती गरोदर असताना होते आणि घरात आधी तिचंच नाव फुटतं. तो गेला की दिवसकार्य होईपर्यंत ती घरात असते, मग 'तिनंच आणलं' असं ठरतं. शेत दिरांच्या नावे, पोरं सासूकडे आणि ती माहेरच्या पडवीत. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यात दर दहांत चारांहून अधिक बायका आहेत, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. नेटवर्कमध्ये आलेल्या बायकांनी या गोष्टीला नाव दिलं: हा आजाराचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. २०१७ साली संसदेनं एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा केला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला त्यानं बंदी केली. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही. आणि बाधित व्यक्तीला, तिच्यासोबत राहणाऱ्यांनाही, राहत्या घरातून बाहेर काढता येणार नाही. पंधरा वर्षं या कायद्याचा मसुदा नेटवर्कांनी लावून धरला होता. तरीही उपचाराच्या कलमात 'शक्य असेल तेवढे' असे शब्द शिल्लक राहिलेच. ते शब्द किती महाग पडतात ते २०२२ साली दिसलं. काही गोळ्यांचा तुटवडा झाला तेव्हा दिल्लीतल्या नेटवर्कच्या लोकांना राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात चाळीस दिवसांहून जास्त ठाण मांडून बसावं लागलं.

आता त्या बाईकडे येते, जिच्या रिपोर्टसाठी मावशींना भाडं हवं होतं.

पन्नाशीची बाई. गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दाखल झाली. आधीच्या रक्ततपासणीत 'एचसीव्ही पॉझिटिव्ह' असं आलं आणि तिला सांगण्यात आलं, "इथं होणार नाही, मोठ्या ठिकाणी जा." पुढे एक शब्द नाही. कागद घरी आला. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं वाचला. 'एच' आणि 'पॉझिटिव्ह' एवढंच सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट वेगळं झालं. नवरा म्हणाला, "खरं सांग." तीस वर्षांच्या संसारानंतर खरं काय सांगायचं, हे तिला कळेना. कुणीतरी तिला मावशींचा नंबर दिला, एचआयव्हीवाल्या बाई म्हणून. मावशींनी कागद बघितला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण आपल्या आजाराची अक्षरं त्या ओळखतात. म्हणाल्या, "हा आमचा न्हाई. हा दुसरा आहे."

दुसरा म्हणजे हिपॅटायटिस सी. हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तो रक्तातून पसरतो आणि यकृतात मुक्काम करतो, वीस-वीस वर्षं काही जाणवू देत नाही. आपल्याकडे कावीळ म्हटलं की लोक माळ घालायला घेऊन जातात. पण यात बहुतेकांना कावीळ दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा यकृत बरंच खराब झालेलं असतं. एकत्र जेवण्यानं, मिठी मारल्यानं, एका नळावर पाणी भरल्यानं तो होत नाही. नवरा-बायकोच्या संबंधातूनही क्वचितच होतो. पुन्हा वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, डायलिसिसमधली हयगय, नशेसाठी एकमेकांत वापरलेली सिरिंज, दाढीचं पातं, गोंदणाची सुई, हे त्याचे रस्ते. ज्याला एचआयव्ही आणि हा, दोन्ही आहेत त्याचं यकृत लवकर खराब होतं.

या बाईला दुसऱ्या बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला होता, १९९४ साली. दोन बाटल्या रक्त चढवलं. त्या काळी पैसे घेऊन रक्त देणारे सर्रास होते. रक्तपेढ्यांत एचआयव्हीची तपासणी सुरू झालेली होती, पण हिपॅटायटिस सीची सक्तीची तपासणी या शतकाच्या सुरुवातीला आली. मैत्रिणींनो, जरा मागे वळून बघा. त्या वर्षांत रक्त चढवून घेतलेल्यांमध्ये कोण कोण होतं? बाळंतपणात, गर्भपातात, पिशवीच्या ऑपरेशनात रक्त गेलेल्या किती बाया! ज्या रक्तानं त्या वाचल्या त्याच रक्तातून काहींच्या अंगात हा आजार आला, आणि आज त्यांनाच "कुठून आणलास?" असं विचारलं जातं.

आणि हा आजार बरा होतो. होय, पूर्ण बरा होतो. पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत, सहा महिने ते वर्षभर, अंगातली ताकद काढून घेणारी आणि खर्चानं घर विकायला लावणारी. २०१३ साली अमेरिकेत सोफोसबुविर हे औषध आलं ते ८४ हजार डॉलरला. दिल्लीतल्या एचआयव्ही नेटवर्कनं त्याच्या पेटंटला इथं हरकत घेतली. २०१५ पासून आपल्याकडच्या कंपन्यांची स्वस्त औषधं आली. २०१८ च्या २८ जुलैला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि तपासणी, गोळ्या मोफत झाल्या. बहुतेकांना फक्त बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, आणि शंभरातले नव्वदाहून जास्त बरे होतात.

एवढी मोठी गोष्ट त्या बाईला कुणी सांगितली नाही. ज्या दवाखान्यानं तिला परत पाठवलं त्यानंही नाही.

मावशींनी तिला आमच्या महिन्याच्या बैठकीला आणलं आणि तिथं मला जे दिसलं त्यानं मी हलले. गटातल्या दोघी तिच्यापासून सरकून बसल्या. चहाचा कप तिनं उचलल्यावर एकीनं तो वेगळा ठेवला. ज्यांची स्वतःची ताटं वेगळी झाली होती त्याच! आणि एक तरुण मुलगी, लग्नानंतर वर्षात विधवा झालेली, रागानं बोलली, "हिला काय, तीन महिन्यांत बरी होऊन जाईल. आम्हाला जन्मभर आहे. ही आमच्यात कशाला?"

मी काहीतरी समजावणीचं बोलायला तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलल्या. "तुझ्या सासरच्यांनी तुला बाहेर काढलं ते गोळ्या जन्मभर आहेत म्हणून का? भीती वाटली म्हणून काढलं. तिला पण भीतीनंच काढलंय. भीती एकच आहे की." मग त्यांनी तो वेगळा ठेवलेला कप उचलला, त्यात स्वतःसाठी चहा ओतला आणि प्याल्या. बाकी काही बोलल्या नाहीत. ती तरुण मुलगी त्या दिवशी लवकर निघून गेली. पण पुढच्या महिन्यात मेडिकल कॉलेजची तारीख आली तेव्हा मावशींना ताप होता, आणि त्या बाईबरोबर तीच गेली.

हे मी गट किती थोर आहेत हे सांगायला लिहीत नाही. गटांची दुखणी आहेत. कितीतरी नेटवर्कांत अध्यक्ष-सचिव पुरुष आणि घरोघर फिरणाऱ्या बायका, हे चित्र अजून आहे. गटातही जात आडवी येते. एकीची गोष्ट दुसरीनं बाहेर सांगितली म्हणून गट सोडून गेलेल्या बायाही मला माहीत आहेत. आणि सर्वांत मोठं दुखणं म्हणजे या बायांचं काम फुकटात धरलं जातं. एआरटी सेंटरमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीसाठीच एक पद राखलेलं असतं, तेवढं सोडलं तर बाकीची सोबत प्रकल्पांवर चालते. प्रकल्प असतो तोवर मानधन, संपला की 'सेवाभाव'. २०२० च्या टाळेबंदीत एस.टी. बंद होती तेव्हा आमच्याकडच्या बायांनी दुधाच्या टेम्पोतून, नातेवाइकांच्या मोटारसायकलवर गोळ्या पोचवल्या. त्याचे कौतुकाचे फोटो काढले गेले, पेट्रोलचे पैसे बऱ्याच जणींना अजून मिळालेले नाहीत.

काही जण म्हणतात, पैसे दिले की आपुलकी जाते. डॉक्टरांना पगार मिळतो म्हणून त्यांची आपुलकी गेली, असं कुणी म्हणत नाही. आपल्या आशाताई आणि अंगणवाडीताई वर्षानुवर्षं मानधन नको, वेतन द्या म्हणून रस्त्यावर बसतात, त्यामागे हीच गोष्ट आहे. घरात आजाऱ्याची सेवा बाईनंच करायची, ती मोजायची नाही. तीच सवय दवाखान्यानं आणि प्रकल्पानं उचलली आहे. दिवसाची खुरपणीची मजुरी बुडवून दुसरीला दवाखान्यात नेणारी बाई काम करते आहे. तिच्या कामाला काम म्हणायचं आणि तिची मजुरी द्यायची, एवढी साधी मागणी आहे.

हिपॅटायटिस सीबाबत तर अजून सुरुवातच व्हायची आहे. मणिपूरमध्ये नशेच्या इंजेक्शनांमुळे दोन्ही आजार एका घरात आले. तिथल्या नेटवर्कांनी दोन्हींची तपासणी आणि उपचार एकत्र मागितले, सरकारी कार्यक्रम सुरू होण्याच्या कितीतरी आधी. पंजाब सरकारनं २०१६ साली जिल्हा रुग्णालयांतून मोफत गोळ्या सुरू केल्या. आपल्याकडे गोळ्या आहेत, केंद्रं आहेत, पण या आजाराच्या माणसाला घेऊन जाणारं कुणी नाही. आणि २०१७ चा कायदा एचआयव्हीपुरता आहे. हिपॅटायटिस सी असलेल्या बाईला दवाखान्यानं परत पाठवलं किंवा सासरच्यांनी बाहेर काढलं, तर त्या कायद्याचं छत्र तिच्या डोक्यावर नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. बरं झाल्यावरही प्राथमिक तपासणी जन्मभर 'पॉझिटिव्ह'च येते, कारण ती तपासणी आजाराची खूण शोधते. विषाणू आहे की नाही ते दुसऱ्या तपासणीत कळतं. हे ठाऊक नसलेल्या दवाखान्यात बरी झालेली बाईसुद्धा पुन्हा दारातून परत जाते. बरं झाल्याचा कागद कसा जपायचा, कुणाला कोणता रिपोर्ट दाखवायचा, हेही सोबतीतूनच कळतं.

म्हणून या अंकाच्या निमित्तानं काही गोष्टी मांडते. एआरटी सेंटरमध्ये जसं एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीचं पद आहे तसं हिपॅटायटिसच्या उपचार केंद्रातही, त्या आजारातून गेलेल्या माणसाचं पद हवं, पगारासह. गावपातळीवर सोबत करणाऱ्या बायांना प्रकल्पाच्या मुदतीवर टांगून न ठेवता नियमित मोबदला आणि प्रवासखर्च हवा. सवलतीचं कार्ड असं हवं की त्यावरून आजार कळणार नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तलाठी कार्यालयात सगळ्यांसमोर वाचला जाऊ नये. आणि २०१७ च्या कायद्यानं दिलेलं संरक्षण हिपॅटायटिस असलेल्यांनाही मिळायला हवं.

आपण काय करू शकतो? तुमच्यापैकी जिला गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत किंवा त्याआधी रक्त चढवलं असेल, तिनं एकदा हिपॅटायटिस सीची तपासणी करून घ्या, आणि आपल्या आईला, सासूला, मोठ्या जावेलाही घेऊन जा. बचत गटाच्या, भजनी मंडळाच्या बैठकीत हा विषय काढा. आणि कुणी आपला आजार सांगितला तर "कसा झाला?" हा प्रश्न गिळून टाका. त्याऐवजी विचारा, "पुढची तारीख कधी आहे? मी येऊ का?"

हे लिहीत असताना दुसरा दिवस उजाडला. दुपारी मेडिकल कॉलेजच्या आवारातून मावशींचा फोन आला. गोळ्या संपून बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत त्या बाईच्या रक्तात विषाणू सापडला नाही. फोन तिनं घेतला, पण तिला बोलता आलं नाही. मग मावशीच म्हणाल्या, "आता हिच्या पिशवीच्या ऑपरेशनचं बघायचंय. आणि डायलिसिसला येणारी एक पोरगी इथं भेटलीय, तिला पण हाच आहे. ही म्हणते, तिच्याबरोबर मी जाते."

त्या दोघींच्या गाडीभाड्याची सोय या महिन्यापुरती आमच्या मंडळानं केली आहे. पुढच्या महिन्याचं काय, हा प्रश्न आहे तिथंच आहे. तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी सोबत कोण करतं, तिला काय मिळतं, काय मिळत नाही, ते आम्हाला जरूर लिहा. नावं कळवू नका, अनुभव कळवा. पुढच्या अंकात ते छापू आणि पत्रांचा गठ्ठा आरोग्य खात्याकडे घेऊन जाऊ.

– संपादक